आधारची पीडीएफ आणि झेरॉक्सवाल्याचं डाउनलोड फोल्डर
जून उजाडला की नाशिकला सीबीएस बसस्टँडच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत हीऽ गर्दी, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर, सगळं एकदमच. पोरं आधारची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, दुकानदार ती उघडून प्रिंट काढतो, की पुढचा. फाइल राहते तिथेच डाउनलोडमध्ये, डिलीट करायला कुणाला वेळ आहे!

"पण तिला पासवर्ड असतो ना?" असतो की. नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव तर चॅटवरच दिसतंय, राहिलं साल, म्हणजे फार तर शंभरेक पर्याय, आणि बारावीच्या पोराचं साल दोन-तीन प्रयत्नांत लागतं. खरं तर तेवढीही मेहनत नको, पासवर्ड आपणच काउंटरवर ओरडून सांगतो.

म्हणून जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्यायचा. १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. झाकलेल्या ८ आकड्यांच्या १० कोटी शक्यता होतात, पण आधार नंबर ० किंवा १ ने सुरू होत नाही म्हणून उरल्या ८ कोटी. त्यात शेवटचा आकडा म्हणजे चेक डिजिट, टायपिंगची चूक पकडायला आधीच्या ११ आकड्यांवरून काढलेला (व्हेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची १९६९ची पद्धत), आणि तो उघडाच असल्याने दहातल्या नऊ शक्यता बाद. तरी ८० लाख उरतातच, बसा शोधत!

पूर्ण नंबर मागितला तर बऱ्याच ठिकाणी १६ आकडी व्हर्च्युअल आयडी चालतो. त्यावरून आधार नंबर काढता येत नाही, आणि नवीन बनवला की जुना रद्द.

२०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे, दंड २५० कोटींपर्यंत, पण त्या डाउनलोड फोल्डरपर्यंत तो पोचेल असं मला तरी वाटत नाही.

खरी भीती अंगठ्याची. पासवर्ड बदलता येतो, बोट कसं बदलणार? जमिनीच्या खरेदीखतावरचे ठसे उचलून, नकली अंगठे बनवून, आधारवरून बँकेतले पैसे काढल्याच्या केसेस देशात झाल्यात. यावर उपाय फुकट आहे, आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाकायचं, ओटीपी तरीही चालतो. फक्त रेशनला जायच्या आधी आठवणीने अनलॉक करा, नाहीतर मशीन अंगठा घेणार नाही आणि दुकानदार तुमच्यावरच खेकसेल.