नमाजाचे अंतरंग

नमाजाचे अंतरंग : नमाजाची बाह्य रीत ठरलेली आहे. शरीर पाक असणे, मक्केतल्या काबेकडे तोंड करणे, ठरलेल्या क्रमाने उभे राहणे, झुकणे, माथा टेकणे असे तिचे टप्पे आहेत. या प्रत्येक टप्प्यावर मनात काय घडायला हवे, याचा विचार मुस्लिम धर्मचिंतकांनी आरंभापासून केला आहे. सूफींनी तो विशेष जोपासला हे खरे. पण हा विचार मुळात कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) यांमधला आहे, बाहेरून चिकटवलेला नाही.

सफल झालेल्या श्रद्धावंतांचे वर्णन करताना कुराणातली सूरह (अध्याय) मोमिनून पहिली खूण सांगते ती नमाजातल्या ‘खुशू’ची, म्हणजे नम्र, एकाग्र भावाची. सूरह माऊन तर नमाज पढणाऱ्यांनाच फटकारते: जे आपल्या नमाजाविषयी बेफिकीर असतात, दिखाव्यासाठी पढतात आणि शेजाऱ्याला साधी घरगुती वस्तूही देत नाहीत, त्यांचा धिक्कार असो. फरिश्ता जिब्रीलच्या प्रसिद्ध हदीसमध्ये ‘इहसान (उत्तम आचरण) म्हणजे काय?’ या त्याच्या प्रश्नावर पैगंबर उत्तर देतात, की अल्लाहची इबादत (उपासना) अशी करावी जणू आपण त्याला पाहत आहोत. आपण पाहू शकत नसलो, तरी तो आपल्याला पाहतोच आहे. अंतरंगाचा सगळा विचार या एका उत्तराभोवती उभा आहे.

या विषयाची सर्वांत सुसंगत मांडणी इमाम गझाली (१०५८–११११) यांची. बगदादच्या निजामिया मदरशातले मानाचे अध्यापकपद त्यांनी १०९५ मध्ये सोडले. त्यानंतर लिहिलेल्या ‘इह्या उलूम अल्-दीन’ या चाळीस भागांच्या ग्रंथात नमाजाच्या रहस्यांवर एक स्वतंत्र भाग आहे. नमाजाला जिवंत ठेवणाऱ्या सहा गोष्टी ते सांगतात : मनाची हजेरी, उच्चारलेल्या शब्दांचे आकलन, अल्लाहच्या थोरवीची जाणीव, दरारा, आशा आणि लाज. यांतली शेवटची मला फार मोलाची वाटते, कारण कितीही इबादत केली तरी ती अपुरीच आहे हे ओळखणारी ही लाज आहे. शुद्धीचेही ते चार स्तर मानतात. आधी शरीराची मळापासून, मग अवयवांची पापापासून, त्यानंतर हृदयाची दुर्गुणांपासून आणि अखेरीस अंतर्मनाची ईश्वराखेरीज सगळ्यापासून शुद्धी.

नमाज सुरू होतो ‘अल्लाहु अकबर’ने. जिभेने अल्लाहला सर्वांत मोठा म्हणायचे आणि मनात त्याहून मोठे काही बाळगायचे, तर तो उच्चार खोटा ठरतो, असे गझाली बजावतात. मग कुराणाचा पहिला अध्याय, सूरह फातिहा. एका हदीसनुसार अल्लाह म्हणतो, की नमाज मी माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धा-अर्धा वाटला आहे. बंदा एकेक आयत (ओळ) म्हणतो आणि तिकडून तिला उत्तर येते. पाच वेळच्या फर्ज (अनिवार्य) नमाजाच्या सतरा रकातींत (आवर्तनांत) मिळून हा संवाद दिवसातून सतरा वेळा होतो. रुकूत, म्हणजे झुकताना, कंबर वाकते आणि सजद्यात, म्हणजे माथा टेकताना, कपाळ-नाक, दोन्ही तळवे, गुडघे व पायांची बोटे जमिनीला टेकतात. देह असा सर्वांत खाली असताना ओठांवर शब्द येतात ते ‘सुब्हान रब्बियल आला’, म्हणजे माझा सर्वोच्च पालनकर्ता पवित्र आहे. बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ असतो तो सजद्यातच, असे हदीस सांगते.

नवव्या शतकातले बल्खचे साधक हातिम अल्-असम्म यांना त्यांच्या नमाजाविषयी विचारले गेले. त्यांचे उत्तर ‘इह्या’त दिले आहे : वजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणे) करून मी जागेवर येतो, अवयव शांत होईपर्यंत बसतो, मग उभा राहतो. काबा भुवयांसमोर, सिरात पूल (जहन्नमवरचा, कयामतच्या दिवशी ओलांडायचा पूल) पायांखाली, जन्नत उजवीकडे, जहन्नम डावीकडे आणि मृत्यूचा फरिश्ता पाठीशी आहे असे मानतो. हा आपला शेवटचा नमाज आहे, असे समजून पढतो. एवढे करूनही तो कबूल झाला की नाही, ते आपल्याला कळत नाही, असे ते शेवटी म्हणतात.

मन नसताना पढलेला नमाज फिटला म्हणायचा का? फकीहांनी (धर्मकायद्याच्या पंडितांनी) त्याला होकार दिला आहे. कायद्याची नजर बाहेरच्या कृतीपर्यंतच पोचते आणि अखंड एकाग्रता सगळ्यांवर लादता येत नाही, हे गझालींनाही मान्य होते. किमान आरंभीच्या तक्बीरच्या (‘अल्लाहु अकबर’ म्हणण्याच्या) क्षणी तरी मन हजर असावे, एवढी सवलत ते देतात. याउलट, आतला अर्थ सापडला की बाहेरच्या विधीची गरज उरत नाही, असे मानणाऱ्यांना त्यांनी ठाम विरोध केला. धर्माचा गूढ, आतला अर्थच खरा मानणाऱ्या बातिनी पंथाच्या खंडनासाठी त्यांनी वेगळा ग्रंथच लिहिला.

रोजा आणि हज यांचाही असाच विचार झाला आहे. ‘जो खोटे बोलणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही,’ असे हदीस सांगते.

दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया इबादतीचे दोन प्रकार करत. नमाज, रोजा, हज यांचा लाभ करणाऱ्यापुरता राहतो. दुसऱ्याला सुख पोचवणाऱ्या इबादतीच्या पुण्याला मात्र मोजमाप नसते. त्यांची वचने टिपून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्झी पुढे दौलताबादला आले. त्यांची कबर खुलताबादेत आहे आणि निजामुद्दीनांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गाही तिथेच आहे.