इंजेक्शनं सुरू होण्याआधी एक संध्याकाळ हिशेबाची

आमच्याकडे येणारी जोडपी बहुधा वंध्यत्वावरच्या उपचारांच्या दोन-तीन सायकल (फेऱ्या) उलटल्यावर येतात. ती आधी आली असती तर, असं दर वेळी वाटतं, म्हणून हे पत्रक. आम्ही डॉक्टर नाही. आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी), आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) घेणाऱ्यांसाठी समुपदेशन आणि खर्चाचं नियोजन, एवढंच आमचं काम.

आधी पैशाचं बोलू, कारण धुसफूस तिथूनच सुरू होते. क्लिनिकने सांगितलेलं पॅकेज म्हणजे सगळा खर्च नव्हे. त्यात इंजेक्शनं धरलीत का? भूल? भ्रूण गोठवणं, त्याचं वर्षाचं भाडं, पुढच्या ट्रान्सफरचे, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याचे, पैसे? सगळं लेखी मागा. संकोच नको. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार यशाची शक्यता, धोके, दुष्परिणाम आणि खर्च समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. यशाचं प्रमाण विचाराल तेव्हा तुमच्या वयोगटाचं विचारा, आणि तेही बाळ घरी नेलेल्यांचं. नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचा आकडा नेहमीच मोठा दिसतो.

मेडिक्लेमवर फार विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात. ‘वगळलेल्या बाबी’ हे पान काढून बघा. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत मात्र कधीकधी तरतूद सापडते. एचआरला एक मेल टाकायला काय जातं?

मग दोघांनी बसून वहीत लिहा: किती सायकल, किती रुपये, कुठून आणायचे. बीटा (गर्भ राहिला का, ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आल्याच्या संध्याकाळी हिशेब कुणालाच सुचत नाही, आणि नेमकं त्याच आठवड्यात सोनं तारण जातं. वहीतला आकडा पुढे बदलायला हरकत नाही, फक्त महिनाभर थांबून बदला.

आता मनाचं. ट्रान्सफरनंतरचे साधारण दोन आठवडे सगळ्यात जड जातात. स्तन दुखले, पोट फुगलं की आशा वाटते, नाही दुखले की धीर सुटतो. पण ट्रान्सफरनंतर घ्यायच्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या औषधांनीही हेच होतं, म्हणून लक्षणांवरून काही ठरवू नका. रक्ततपासणीची तारीख आधीच ठरवा आणि ती फक्त दोघांतच ठेवा. तारीख सासूबाईंना कळली की सकाळी आठपासून फोन सुरू.

एकत्र कुटुंबात गुपित फुटतं ते फ्रीजमुळे. काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. कोथिंबिरीच्या डब्यामागचा तो पांढरा खोका कुणीतरी उघडतंच. त्यापेक्षा घरातल्या एकाच विश्वासू माणसाला स्वतःहून सांगून ठेवा. बाकीच्यांना उत्तर द्यायचं काम त्याच्याकडे. जावेच्या डोहाळजेवणाला जायचं नसेल तर “जमणार नाही” एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही.

नवरेमंडळींसाठी एक: सुया तिला टोचतात म्हणून दोष तिचा नसतो. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त असते, तरी आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी फायलींत ती सगळ्यात शेवटी लागलेली दिसते.

झोप उडाली, सारखं रडू येतंय, जगणं नकोसं वाटतंय, तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आमची पहिली भेट तासाभराची. दोघांनीही यायचं. रिपोर्टांची जाड फाइल घरीच राहू द्या. आतापर्यंतची बिलं मात्र आणा, चुरगळलेली असली तरी चालतील.