रोबोटभोवतीची जाळी कशी निघाली

पहिला कोबॉट, म्हणजे माणसाच्या सोबतीने काम करणारा रोबोट, स्वतःहून हलत नसे. 1996 च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांनी तो बनवला. ढकलायचं काम माणसाचं, मोटर फक्त चाकांची दिशा बदलणार. रंगवलेल्या बॉडीवरून गाडीचं दार उतरवताना जोर कामगाराने लावायचा आणि यंत्राने त्याला ठरलेल्या वाटेवरून ढळू द्यायचं नाही, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. जनरल मोटर्सला या कामात रस होता. जड भाग उचलून, वाकून लाइनवरच्या लोकांच्या पाठी धरत होत्या.

यंत्राला ताकदच द्यायची नाही, इतकी सावधगिरी कशासाठी? 1961 मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्याच कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट लागला. डाय-कास्टिंग मशीनमधून, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रातून, तापलेले भाग काढायचं काम, माणसाने करू नये असंच. पण त्याला ना दिसायचं, ना काही लागलेलं कळायचं. सांगितलेल्या बिंदूवर पोहोचायचं, मग वाटेत लोखंड असो की बरगडी. 1979 मध्ये मिशिगनमधल्या फोर्डच्या फ्लॅट रॉक कारखान्यात एक कामगार दगावला, 1981 मध्ये जपानमधल्या कावासाकीच्या आकाशी कारखान्यात आणखी एक. रोबोट जाळीत, दाराला इंटरलॉक, दार उघडलं की सगळं बंद, हीच रीत पुढे कितीतरी वर्षं चालली.

आज शॉपफ्लोअरवर दिसतो तो कोबॉट मात्र वेगळ्या घराण्यातला. डेन्मार्कमधल्या ओडेन्स इथे 2005 मध्ये तिघांनी युनिव्हर्सल रोबोट्स ही कंपनी काढली आणि 2008 च्या अखेरीस त्यांचा यूआर5 बाजारात आला. वजन साधारण 18 किलो, उचलणार 5 किलो. मोटरचा करंट अपेक्षेबाहेर वाढला की कुठेतरी अडलं असं धरून तो थांबतो. त्याचा हात धरून ‘इथे ये, मग इथे’ असं शिकवताही येतं. छोट्या वर्कशॉपांना तो परवडला तो, माझ्या मते, सुरक्षिततेपेक्षा या सोयीमुळे. आपल्याकडे बजाज ऑटोने 2010 पासून हे हात चाकणच्या लाइनवर आणले.

अमेरिकेतल्या रीथिंक रोबोटिक्स कंपनीचा बॅक्स्टर हा कोबॉट 2012 मध्ये आला, स्क्रीनवर डोळे मिचकावत. त्याच्या सांध्यांत स्प्रिंग होत्या, त्यामुळे तो मऊ लागे, पण नेमकेपणात मार खाई. 2018 मध्ये कंपनी बंद पडली. कारखान्याला डोळे नको होते, भाग दर वेळी त्याच जागी बसायला हवा होता.

जाळी काढायला कागदोपत्री आधार मिळाला तो 2016 मध्ये, आयएसओ/टीएस 15066 या कोबॉटच्या सुरक्षिततेवरच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजामुळे. धक्का कितपत सोसवतो हे तपासायला जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठात 100 स्वयंसेवकांच्या शरीरावर 29 ठिकाणी दाब देऊन दुखायला कधी लागतं ते मोजलं होतं. त्या आकड्यांवरून मर्यादा ठरल्या. डोक्याला आणि चेहऱ्याला धक्का चालणारच नाही. साहजिकच वेग कमी ठेवावा लागतो आणि सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, वाढतो, म्हणून सहकार्यासाठी घेतलेला कोबॉट कित्येक ठिकाणी माणूस फिरकणार नाही अशा कोपऱ्यात पूर्ण वेगाने चालवतात. शिवाय हात कितीही निरुपद्रवी असला तरी त्याच्या टोकाला धारदार पातं बसवलं की हिशेब बदलतो. 2025 मध्ये आयएसओ 10218 हे औद्योगिक रोबोटच्या सुरक्षिततेचं मुख्य मानक सुधारलं गेलं तेव्हा या मर्यादा त्यातच घेतल्या. आता नुसत्या रोबोटला सुरक्षित म्हणून भागत नाही. हात, पकड, भाग आणि शेजारचा माणूस धरून सगळं काम तपासावं लागतं.