गरम बॅटरीला आधी उपाशी ठेवा

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हल्ली अधूनमधून एखादी कॅम्परव्हॅन उभी दिसते. बहुतेक वेळा ती जुनी ट्रॅव्हलर असते. मागच्या सीटा काढून पलंग केलेला, कडेला ओटा, छोटा फ्रिज, छतावर सोलर पॅनेल. जोडून सुट्ट्या आल्या की मालशेज नाहीतर कोकण, एरवी महिन्यातले बरेच दिवस पार्किंग. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. बॉनेटखालची इंजिन सुरू करते. दुसरी पलंगाखालच्या खोक्यात असते आणि पंखा, दिवे, फ्रिज चालवते. ही दुसरी तापते तेव्हा लवकर कळत नाही, कारण तिच्यावर गादी असते.

मे महिन्यात ती गरम लागली की पहिला संशय उन्हावर जातो. उन्हात बंद उभ्या गाडीत पारा ५० अंशांच्या वर सहज जातो, हे खरं. पण दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी पन्नास-साठ किलो भरते. एवढं शिसं आणि ॲसिड तापायला वेळ लागतो, निवायलाही लागतो. दुपारचं ऊन तिच्यात पुरतं उतरायच्या आत संध्याकाळ होते, त्यामुळे ती दिवसरात्रीच्या सरासरी तापमानाच्या आसपासच राहते. सकाळी सात वाजता, सावलीत उभ्या गाडीतल्या बॅटरीला हात लावला आणि चटका बसला, तर तो उन्हाचा नव्हे. उष्णता आत तयार होते आहे, आणि त्यासाठी लागणारी वीज कुठून तरी येते आहे.

गरम बॅटरी ही बहुधा जास्त खाल्लेली बॅटरी असते. तिला वारा घालत बसण्याआधी तिचं खाणं तोडायला हवं.

शिसं-ॲसिडची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली, आणि आज घरच्या इन्व्हर्टरखाली असते तिचं मूळ रसायन तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक सेल दोन व्होल्टच्या थोडी वर. पूर्ण भरून शांत बसलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. चार्जर तिला १४.४ व्होल्टपर्यंत नेतो आणि भरली की १३.५ ते १३.८ वर सांभाळतो. सेलमागे २.४ व्होल्टच्या आसपास गेलं की प्लेटा आणखी वीज साठवू शकत नाहीत. मग येणारा करंट पाणी फोडायला लागतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. बॅटरीवाले याला ‘बॅटरी उकळते आहे’ म्हणतात. बुडबुडे तसेच दिसतात, पण तापमान १०० अंश असण्याची गरज नसते.

आता यातली खरी खोच. बॅटरी गरम झाली की आतली रासायनिक क्रिया वेगाने होते, आणि तेवढ्याच व्होल्टेजला ती आधीपेक्षा जास्त करंट ओढते. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे आणखी करंट. याला थर्मल रनअवे म्हणतात. हे चक्र आपणहून थांबत नाही. एकतर कोणीतरी वीज तोडतं, नाहीतर बॅटरीतलं पाणी संपतं. सीलबंद एजीएम बॅटरीत (हिचं ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) हा धोका जास्त. साध्या बॅटरीत ओव्हरचार्जची जवळपास अर्धी ऊर्जा सुटणाऱ्या वायूंबरोबर निघून जाते. सीलबंद बॅटरीत तेच वायू आतल्या आत पुन्हा जुळून पाणी होतात आणि सगळी उष्णता डब्यातच राहते.

म्हणून चार्जिंगचं व्होल्टेज तापमान बघून कमी करावं लागतं. ठरलेले आकडे २५ अंशांचे, आपल्याकडच्या मानकांत २७ अंशांचे असतात. त्यावर दर अंशाला सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट उतरवायचे. बॅटरी ४५ अंशांवर असेल तर १४.४ ऐवजी साधारण १३.९ पुरे. बऱ्यापैकी चार्जरला यासाठी एक बारीक सेन्सर असतो, तो बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा. घरचा इन्व्हर्टर उचलून गाडीत बसवलेला असेल तर त्यात तो सहसा नसतो. आणि सेन्सर मिळाला तरी पॅकेटमध्येच राहून गेलेला मी पाहिला आहे.

कोलशेत रोडला राहणाऱ्या ओळखीच्या एका जोडप्याच्या गाडीत हे सगळं एकत्र आलं. पलंगाखाली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, पार्किंगमधल्या सॉकेटवरून आठवडाभर लावून ठेवलेला चार्जर. गाडीत वास सुटला, तर दोघांना वाटलं उंदीर मेला असणार, म्हणून शोधाशोध. तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. शेगडी तर बंद. अलार्मच बिघडला असं म्हणून त्याचे सेल काढले गेले. मग वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या नेहमीच्या वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, आधी खाली उतरा. आत लाइट-पंखा काही लावू नका. भिंतीतली पिन काढा, मागचं दार उघडा आणि मी येईपर्यंत आत जाऊ नका.”

हा क्रम अगदी बरोबर होता. वास कुजक्या अंड्याचा होता, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. जबर ओव्हरचार्ज झालेल्या शिसं-ॲसिड बॅटरीतून तो सुटतो. विषारी आहेच, शिवाय प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. अलार्मही खोटा नव्हता. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे बरेच सेन्सर हायड्रोजनलाही दाद देतात. शेगडी बंद असताना असा अलार्म वाजला तरी आधी बाहेर पडायचं, गाडी उघडी टाकायची, आणि मग बॅटरीवर संशय घ्यायचा.

हायड्रोजनचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका सेलमधून ओव्हरचार्जचा एक अँपिअर-अवर गेला की सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. या बॅटरीतली एक सेल मेली होती, ते पुढे येईलच. उरलेल्या पाच सेलमधून पाच अँपिअर जात असतील तर तासाला सुमारे दहा लिटर. पलंगाखालचं खोकं मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर उंच धरलं तर त्यात हवा २५० लिटर. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि २५० चे ४ टक्के म्हणजे दहा लिटर. बंद खोक्यात हे एका तासात होतं. मग स्विचची ठिणगीही पुरते. म्हणूनच ‘वास येतोय, एग्झॉस्ट फॅन लाव’ हे अशा वेळी करायचं नाही. त्याच्या मोटरमध्येही ठिणगी असू शकते. टर्मिनलची क्लिप घाईने उपटायचीही नाही, करंट चालू असताना ती काढली की ठिणगी पडतेच, आणि तीही नेमकी बॅटरीच्या तोंडाशी.

वीज तोडायची ती बॅटरीपासून लांब. चार्जरची पिन भिंतीतून काढायची. इंजिन चालू असेल तर बंद करायचं, कारण इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटरही तिला भरवत असतो. सोलरला मात्र असा सोपा स्विच सगळ्यांकडे नसतो. अशा वेळी छतावर ताडपत्री नाहीतर जाड चादर टाकायची, अंधारात पॅनेल काही देत नाही. ओलं फडकं, बर्फ, बादलीभर पाणी यांनी बाहेरचं प्लास्टिक निवतं, आतली क्रिया तशीच राहते, आणि ते करताना आपण नेमके तिच्यावर वाकलेले असतो. गरम असताना झाकणं उघडून पाणी घालायला जाणं तर सगळ्यात वाईट. ॲसिड उडतं. त्वचेवर उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धरून थेट डॉक्टरांकडे.

वायरमन आला तोवर बॅटरीचा आवाज थांबला होता, अंग मात्र चटकत होतं. त्याने ती दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच राहू दिली. पंचावन्न किलोंतून वीस अंश उष्णता बाहेर पडायला रात्र जातेच. सकाळी मीटर लावला तर १०.५ व्होल्ट. मग ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घेऊन एकेक झाकण उघडलं. घनता जास्त तितकी सेल भरलेली. पाच सेलमध्ये १.२३ च्या आसपास, सहावीत १.१०. “पाच आहेत, एक मेली,” एवढंच तो बोलला.

एक सेल मेल्याने बाकीच्या पाच का उकळाव्यात? चार्जरला हे कळत नाही म्हणून. तो सहा सेल समजून १३.८ व्होल्ट देत राहतो, ते पाचांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकीला २.७६. वायू सुटायची हद्द तर २.४ च्या आसपास. त्यात करंट उतरताना दिसत नाही, म्हणून चार्जरला वाटतं बॅटरी अजून भरायचीच आहे, आणि तो आणखी चढतो. सेल मरते ती बहुधा शॉर्ट होऊन. धक्क्यांनी प्लेटांवरचा लेप सुटतो, तळाशी गाळ साचतो आणि एक दिवस दोन प्लेटांना जोडतो. घरच्या कोपऱ्यात स्थिर राहण्यासाठी बनवलेली बॅटरी घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवरून फिरवली तर हे लवकर होतं.

दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर आणखी एक भानगड. एकीची सेल मेली की चांगली बॅटरीच तिला भरवू लागते. १२.७ भागिले पाच म्हणजे सेलमागे २.५४. चार्जर काढला, सोलर झाकलं, तरी उकळणं चालूच. म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मध्ये, खोक्याच्या बाहेर, कटऑफ स्विच हवा. तो बसवताना शे-दोनशे रुपये वाचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या वापरात बॅटरी कुठे तापते यावरून बरंच कळतं. अंगभर सारखी गरम असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज बघा. एकाच बाजूला गरम असेल तर त्या बाजूची सेल. अंग गार आणि फक्त टर्मिनल गरम असेल तर बॅटरी निर्दोष आहे, जोड सैल आहे. १५०० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर लावली की केबलमधून सुमारे १४० अँपिअर जातात. सैल किंवा गंजलेल्या लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडकडीत, अवघा ५ मिलिओहम अडथळा असला तरी तिथे जवळपास १०० वॅट उष्णता तयार होते, नखाएवढ्या जागेत. खाडीकाठच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी लवकर धरते. बॅटरी गार आणि सुटी असताना ती खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायची, कोरडी करून घट्ट आवळायची आणि वरून व्हॅसलिन लावायचं.

‘लिथियम लावा, कटकट संपली’ हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो अर्धा खरा आहे. गाड्यांत बसते ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. हे रसायन जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने नव्वदच्या दशकात पुढे आणलं. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने ती मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा बरीच उशिरा भडकते, आणि आतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, तापमान वाढलं की स्वतःच कनेक्शन तोडतो. पण तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढते. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये इंजिन रेंगाळत असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो, आणि मग तापतो तो अल्टरनेटर. मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. शिसं-ॲसिडसाठीचा इक्वलायझिंगचा, म्हणजे सगळ्या सेल सारख्या भरण्याचा मोड, जो १५ व्होल्टच्या वर जातो, तोही बंद करायला हवा. लिथियम फुगली, सूं-सूं करू लागली किंवा धूर दिसला तर मीटर आणायला जायचं नाही. सगळ्यांनी लांब व्हायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा.

खोक्याला वरच्या बाजूने बाहेर जाणारी नळी असावी. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका, तो छपराशीच साचतो. तळाला भोकं पाडून ठेवलेली खोकी पुष्कळ दिसतात. हवा आत यायला ती ठीक, पण एवढ्यावर भागत नाही.

मेलेली बॅटरी सोसायटीच्या कचऱ्यात जात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भाव असल्याने नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो. त्या जोडप्याची बॅटरीही तशीच गेली. नेताना झाकणं घट्ट लावून उभीच न्यायची, आडवी नाही. आणि ‘वजन कमी होईल’ म्हणून कोणी ॲसिड गटारात ओतायला निघालं, तर त्याला बॅटरी देऊ नका.