अर्धशिशीवरील वनौषधींची चाचणी

अर्धशिशी आणि तिच्यासोबत येणारी मळमळ, उलटी, उजेड व आवाज सहन न होणे या लक्षणांवर एखादी वनस्पती खरोखर उपयोगी पडते का, हे पडताळण्याची पद्धत. सुश्रुतसंहितेतील अकरा शिरोरोगांत अर्धावभेदक (अर्धे डोके दुखणे) आणि सूर्यावर्त (दिवस चढेल तशी वाढणारी डोकेदुखी) यांची गणना आहे. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांत सुंठ सहाणेवर उगाळून तिचा लेप कानशिलांवर लावण्याचा उपाय परिचित आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक वैद्यकावरील राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे.

खरी अडचण रोगाच्या स्वभावातच आहे. उपचार न केल्यास अर्धशिशी साधारणतः ४ ते ७२ तास टिकते आणि मग आपोआप ओसरते. त्यामुळे लेप लावून, दार लोटून अंधारात पडून राहिलेल्या माणसाला काही वेळाने बरे वाटले, तर त्याचे श्रेय सुंठीचे, अंधाराचे, झोपेचे की निव्वळ सरलेल्या वेळेचे, हे त्या अनुभवावरून ठरत नाही. म्हणून रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. लेपाच्या बाबतीत मात्र हे फार कठीण, कारण सुंठ कातडीला चुरचुरते आणि खरा लेप कोणता हे लावताक्षणीच कळते.

दुखणे सुरू झाल्यावर द्यावयाच्या औषधाची मुख्य कसोटी दोन तासांत वेदना पूर्ण थांबणे ही असते. प्रतिबंधक औषधासाठी रुग्ण आधी काही आठवडे आणि नंतर काही महिने रोजनिशी ठेवतो. तीत डोके किती दिवस दुखले, उलटी झाली का, नेहमीची वेदनाशामक गोळी घ्यावी लागली का, हे नोंदवलेले असते. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या फीवरफ्यू या वनौषधीच्या चाचणीत झटक्यांची संख्या आणि उलटीचा त्रास कमी झाला, पण प्रत्येक झटक्याचा कालावधी कमी झाला नाही. २०१४ मधील इराणी अभ्यासात सुंठीची पूड सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरील आधुनिक औषधाच्या तोडीची ठरली. मात्र त्यात औषधहीन कॅप्सूलचा गट नव्हता, हे तो निष्कर्ष उद्धृत करताना सहसा सांगितले जात नाही.

गुण येणे आणि सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बटरबर या वनस्पतीच्या मुळाच्या अर्काला अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली होती, परंतु यकृताला इजा होण्याच्या धोक्यामुळे ती २०१५ मध्ये मागे घेण्यात आली.

भारतात अशी चाचणी, पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच, देशाच्या वैद्यकीय चाचणी नोंदवहीत नोंदवावी लागते. संमतिपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असणे बंधनकारक असल्याने सीमाभागात ते कन्नडइतकेच मराठीतही तयार ठेवावे लागते.