जबड्यातली गाठ आणि अंडाशय

सोनोग्राफीत अंडाशयात गाठ दिसली की घरात पहिला शब्द निघतो ऑपरेशनचा, आणि बहुतेकदा तो बरोबरच असतो. क्वचित मात्र ती गाठ लसीका पेशींची, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग असलेला लिम्फोमा निघते. तेव्हा उपचाराचा मुख्य भार औषधांवर असतो. हे वेळेत ओळखलं नाही, तर बाईची गर्भपिशवी विनाकारण जाऊ शकते.

१८३२ मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी सुजलेल्या लसीका ग्रंथी आणि प्लीहेचं वर्णन केलं. लिम्फोमा म्हटलं की आजही मान, काख, जांघच आठवते.

१९५७ मध्ये युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात सर्जन डेनिस बर्किट यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवण्यात आला. जबडा वर-खाली, दोन्ही बाजूंनी सुजलेला. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा ३८ मुलांची नोंद छापली, पण आजाराला सार्कोमा, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या ऊतींचा कर्करोग, म्हटलं. अशा मुलांच्या पोटातही गाठी सापडत होत्या, मुलींमध्ये पुष्कळदा दोन्ही अंडाशयांत. कंपालातच स्लाइड तपासणाऱ्या जॅक डेव्हिस आणि ग्रेगरी ओकॉनर यांनी हा लिम्फोमा असल्याचं दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली गडद जांभळ्या पेशींची दाटी आणि मधूनमधून फिकट, मोठ्या पेशी: चांदण्यांनी भरलेलं आभाळच. जबडा आणि अंडाशय एकाच आजारात सापडतात, हे त्या मुलींमुळे कळलं.

मोठ्या स्त्रियांत गोष्ट अधिक फसवी. गर्भाशयमुखातला लिम्फोमा वरच्या अस्तराखाली वाढतो, म्हणून पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या वरच्या पेशी खरवडून केलेली तपासणी, निर्दोष येऊ शकतो. १९८४ मध्ये हॅरिस आणि स्कली यांनी गर्भाशय आणि योनीतल्या लिम्फोमाचे, ग्रॅन्युलोसायटिक सार्कोमा या रक्तपेशींच्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीसह, २७ रुग्ण एकत्र अभ्यासले. १९८८ मध्ये फॉक्स आणि सहकाऱ्यांनी अंडाशयातला लिम्फोमा मूळचा तिथलाच कधी मानायचा, याचे निकष घातले. रक्त आणि अस्थिमज्जा स्वच्छ असणं हा त्यातला एक.

निदानाला खरा आधार मिळाला तो १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या, म्हणजे नेमक्या एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या, तंत्रातून. त्यांच्या मदतीने बी पेशींवरचं (लसीका पेशींचा एक प्रकार) सीडी-२० हे प्रथिन स्लाइडवर तपकिरी उमटतं, आणि कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कर्करोग) की लिम्फोमा हा घोळ बराचसा मिटतो. १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं रिटुक्सिमॅब हे औषध नेमकं त्याच प्रथिनाला पकडतं. गर्भाशयमुखाचा लिम्फोमा केमोथेरपीने बरा होऊन पुढे आई झालेल्या स्त्रियांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.