दोनवर आणली आणि सोडली

"सिस्टर, दिवसाला वीस सिगारेटी ओढायचो, आता दोनवर आलोय!" परळच्या चाळीतले एक काका. अँजिओप्लास्टीला सहा आठवडे झालेत. मागून काकू म्हणतात, "म्हणजे सुटल्यातच जमा."

नाही ना, काकू. घरोघरी जाताना सगळ्यात जास्त घोळ मी इथेच बघते.

कमी केल्याचं कौतुक आहेच, पण हृदय त्या हिशेबाने चालत नाही. थोड्या धुरानेही प्लेटलेट्स, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी, चिकट होतात, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 141 अभ्यासांचं विश्लेषण आलं होतं. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका, त्याच्या जवळपास निम्मा धोका एकच ओढणाऱ्यालाही होता. शिवाय उरलेल्या दोन माणूस खोल खोल ओढतो, पार फिल्टरपर्यंत.

सोडण्याचा हिशेब निराळा. हृदयविकार झाल्यावर सिगारेट पूर्ण सोडणाऱ्यांत मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी दिसतो.

म्हणून मी "किती कमी झाल्या?" विचारतच नाही. "शेवटची कधी?" एवढंच. श्वासात सिगारेटच्या धुरातला वायू किती ते दाखवणारा, फुंकायचा कार्बन मोनॉक्साइड मीटर असतो, पण तो गेल्या काही तासांचीच चुगली करतो. खरी माहिती घरात मिळते. काकांच्या गॅलरीत कुंडीच्या मातीत थोटकं खोचलेली होती. खाली टपरी, सकाळचा कटिंग आणि त्याबरोबर एक सुट्टी सिगारेट. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेटींच्या विक्रीवर 2020 सालीच बंदी आली. टपरीवाल्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

डॉक्टरांनी दिलेलं निकोटीनचं च्युइंगम काकांनी दुसऱ्याच दिवशी फेकलं होतं. "उचक्या लागतात हो." लागणारच, साध्या च्युइंगमसारखं भराभर चावत होते. हळू चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. आणि त्यावर चहा नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. मी समोर बसून एक चावायला लावलं. उचकी आली नाही.

पहिले दोन-तीन दिवस तलफ जोरात येते, चिडचिड होते. काकूंना तेही सांगून ठेवलं. छातीत मात्र दुखलं, तर तलफ समजून घरी बसायचं नाही.

सोडायचा दिवस म्हणून दिनदर्शिकेवर मंगळवारला काकूंनीच गोल केला. काका म्हणाले, "मग सोमवारी दोन चालतील ना?"

"सोमवारी ओढा. बुधवारी मीटर घेऊन येते."